बडीशेपेतली साखर कुठे असते?

'बडीशेप गोड असते, तेव्हा मधुमेह असणाऱ्यांनी ती चघळू नये,' असा निरोप फोनवर आला. पाठवणाऱ्याचा हिशेब सरळ होता: गोड म्हणजे साखर. बडीशेपेत थोडी साखर असते, नाही असं नाही. पण दाणा दाताखाली फुटताच जिभेवर जो गोडवा पसरतो तो मुख्यतः तिचा नव्हे, तेलाचा असतो.

हे तेल बघता येतं. दाणा रात्रभर पाण्यात भिजवा, त्याचे दोन भाग अलग करा, एकाचा ब्लेडने आडवा काप घ्या आणि भिंगाखाली धरा. फुगीर पाठीवर पाच कंगोरे दिसतील. त्यांच्यामधल्या खाचांखाली चार आणि सपाट पोटाकडे दोन, असे सहा गडद ठिपके म्हणजे आडव्या कापलेल्या तेलनळ्या. जिला आपण बी म्हणतो ते खरं तर फळ आहे. पिकलं की उभं दुभंगतं आणि प्रत्येक अर्ध्यात एक बी असते. जिरं, ओवा, शेपू, गाजर या भावकीतल्या 'बिया'ही अशीच फळं.

तेलातला मुख्य पदार्थ ट्रान्स-ॲनेथोल. तो साखरेपेक्षा सुमारे 13 पट गोड. नाक चिमटीत धरून दाणा चावला तर वास जातो, गोडवा मात्र उरतो. म्हणजे ही नुसती नाकाची करामत नाही. सोबतीला कडवट, कापरासारखं फेंकोन असतं. ते जास्त असेल ती बडीशेप कडू लागते.

आता माझी आवडती गोष्ट. ॲनेथोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि त्याचा उत्कलनबिंदू 234 अंश सेल्सिअस. मग 100 अंशांवर उकळणाऱ्या पाण्यातून ते उडायला नको. तरी बडीशेप उकळताना घरभर वास सुटतोच! कारण एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एका भांड्यात असले, तर प्रत्येक जण दुसरा तिथे नसल्यासारखा आपापली वाफ सोडतो. दोन्ही वाफांच्या दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळतं. पाण्याला ॲनेथोलची थोडी मदत मिळते, म्हणून हे 100 अंशांच्या किंचित अलीकडेच घडतं. वाफेत ॲनेथोलचे रेणू मोजकेच. पण त्याचा रेणुभार 148 आणि पाण्याचा 18. एक रेणू आठ रेणूंचं वजन उचलून नेतो! अत्तरवाल्यांचं ऊर्ध्वपातन याच बेरजेवर चालतं. (दाबांचा कंटाळा आला असेल तर एवढंच लक्षात ठेवा: भांड्यावर झाकण ठेवा.)

स्वयंपाकातले बाकीचे नियमही इथूनच निघतात. अख्खा दाणा उकळला तर नळ्या बऱ्याचशा बंदच राहतात, म्हणून आधी जरा ठेचायचा. तेलात किंवा तुपात परतला तर ॲनेथोल त्यात विरघळून टिकतं. कुटून ठेवलेली पूड मात्र उघड्या नळ्यांमुळे लवकर फिकी पडते.

बडीशेपेचं पाणी पिऊन चरबी वितळते आणि 'शरीरातलं विष' बाहेर पडतं, असंही छातीठोक सांगितलं जातं. कोणतं विष, हे कुणी सांगत नाही. गंमत म्हणजे याच तेलात एस्ट्रागोल असतं: ॲनेथोलसारखेच 10 कार्बन, 12 हायड्रोजन, 1 ऑक्सिजन, फक्त एक दुहेरी बंध एक घर सरकलेला. मोठ्या मात्रेत उंदरांच्या यकृतात त्याने गाठी केल्या आहेत. चिमूटभर दाण्यांनी घाबरायचं कारण नाही, पण 'नैसर्गिक आहे' म्हणून शुद्ध तेलाचे थेंब तान्ह्या बाळाला पाजू नयेत.

भाजी म्हणून खातात तो बडीशेपेचा पांढरा गड्डा मुळाचा नाही, एकमेकांना बिलगलेल्या जाड पानतळांचा आहे. त्यालाही हाच वास येतो, पण सौम्य.

आणि चक्रीफूल? तेही बडीशेपेसारखंच गंधतं, म्हणून अनेकांना ते नात्यातलं वाटतं. नातं काहीच नाही. चक्रीफुलाचं कूळ फुलझाडांच्या इतिहासात फार आधी वेगळं झालेलं, झाडही चांगलं उंच, सदाहरित. पण त्याच्या तेलात बहुतांश तेच ॲनेथोल. दोन घराण्यांनी आपापल्या वाटेने गाठलेला एकच रेणू.