हर्पिंग (मुंबई व सह्याद्री)

साप, पाली, सापसुरळ्या, बेडूक, देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर) इ. सरीसृप व उभयचर प्राणी त्यांच्या अधिवासात जाऊन शोधण्याचा, पाहण्याचा व बहुधा त्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद. मुंबईकरांमध्ये तो शनिवार-रविवारच्या किंवा जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या सहलींतून चालतो. मुख्य हंगाम पावसाळ्याचा.

या छंदाचे मूळ १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांपर्यंत नेले जाते. सोसायटीचे मानद चिटणीस व व्यवसायाने मद्यव्यापारी असलेले एच. एम. फिप्सन यांचे नाव मेसन यांनी १८८८ मध्ये एका खापरखवल्या सापाला (युरोपेल्टिस फिप्सोनाय) दिले. तथापि त्या पिढीला सापडलेला प्राणी बहुधा स्पिरिटच्या बरणीत जाई. प्राणी पाहून तेथेच सोडून येण्याची सहल ही निराळी व बरीच अलीकडची गोष्ट असून, डिजिटल कॅमेऱ्याच्या प्रसाराबरोबर ती रुजली हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दुर्मीळ जातीच्या शोधात निघणाऱ्याला तिचे मूळ नमुनास्थान (ज्या नमुन्यावरून जातीचे पहिले वर्णन झाले, तो मिळाल्याचे ठिकाण) माहीत असावे लागते. या बाबतीत नावांनी फसगत होते. राओर्चेस्टिस बोम्बेएन्सिस हा झुडपी बेडूक अ‍ॅनन्डेल यांनी १९१९ मध्ये वर्णिला, तो कॅसल रॉक (आता कर्नाटकात) येथील नमुन्यावरून. इक्थिओफिस बोम्बेएन्सिस हा देवगांडूळ टेलर यांनी १९६० मध्ये वर्णिला. त्याचे नमुनास्थान डांगांतील वघई (आता गुजरातेत). ही ठिकाणे त्या त्या काळी मुंबई इलाख्यात वा मुंबई राज्यात मोडत, एवढाच त्यांचा मुंबईशी संबंध. उलट टेलर यांनीच त्याच वर्षी खंडाळ्याहून वर्णिलेला इंडोटिफ्लस बॅटर्सबाय हा देवगांडूळ शहराला कितीतरी जवळचा आहे. ‘बॉम्बे नाइट फ्रॉग’ म्हणून प्रसिद्ध असलेला निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी (१९५५) हाही शहरातला नव्हे, तर सह्याद्रीतील ओढ्यांकाठचा. त्याला मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचे नाव दिलेले आहे. त्याचा नर मादीला घट्ट कवटाळत नाही. पानावर किंवा फांदीवर हात टेकून तिच्या पाठीवर राहतो आणि शुक्राणू पाठीवरच सोडतो. ही मीलनरीत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. कोयना परिसरातून २०१९ मध्ये वर्णिलेला बोइगा ठाकरेयी हा मांजऱ्या साप याच बेडकाची अंडी खाताना आढळला आहे. म्हणून ओढ्यावर झुकलेल्या फांद्याही नजरेखालून घालाव्यात.

शहरालगत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (सु. १०४ चौ. किमी.) व आरे ही क्षेत्रे आहेत. पावसाळ्यात तेथे हिरवा चापडा हा विषारी साप दिसतो. पालींचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावाने २०१६ मध्ये वर्णिलेली सिर्टोडॅक्टिलस वरदगिरी ही जमिनीवर वावरणारी पाल पश्चिम भारतातली आहे. उद्यानात रात्री परवानगीवाचून फिरता येत नाही आणि यातील बहुतेक प्राणी निशाचर, त्यामुळे सुट्टी मिळताच मंडळी माथेरान किंवा आंबोली गाठतात. माथेरानला दस्तुरी या प्रवेशनाक्यापलीकडे खासगी मोटारींना बंदी असल्याने रात्रीच्या रस्त्यावर प्राणी चिरडले जाण्याचा धोका कमी. सावंतवाडीहून वर चढून जावे लागणाऱ्या आंबोलीत झँथोफ्रायनी टायगेरिना (२००९) हा भेक (खरबरीत कातडीचा बेडूक) आणि जेजिनिओफिस डॅनिएली (२००३) हा देवगांडूळ मिळतो. दुसऱ्यासाठी दगड उलटावे लागतात आणि ते होते तसे परत ठेवावे लागतात. बेडूक मात्र आधी आवाजावरून हेरायचा असतो, विजेरी नंतर.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अजगर, घोरपड इ. प्राणी पकडणे हा गुन्हा आहे. छायाचित्रासाठी साप आकड्याने हलवण्याची रीत हौशी लोकांत आहे. ती टाळणेच बरे, कारण भारतात मिळणारे अनेक विषांवरचे एकत्रित (पॉलिव्हॅलंट) प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारांच्या विषावर बनवलेले असते, चापड्याच्या नव्हे. बेडकांना मारणाऱ्या कायट्रिड कवकाची पश्चिम घाटातही नोंद झाली असल्याने एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात उतरण्यापूर्वी बूट धुऊन पूर्ण वाळवण्याचा सल्ला दिला जातो. ऐन पावसाळ्यात वाळवणे जमत नसेल, तर दुसरा जोड न्यावा.