नाश्त्याच्या खोक्यामागची कार्टून

१९५७ साली एमजीएम स्टुडिओने आपला कार्टून विभाग बंद केला. ‘टॉम अँड जेरी’ला तोवर सात ऑस्कर मिळाली होती, पण थिएटरात चित्रपटाआधी दाखवायच्या सात मिनिटांच्या कार्टूनला वारेमाप खर्च यायचा. जुनीच कार्टून पुन्हा लावली तरी जवळजवळ तेवढेच पैसे मिळतात, असा हिशेब कंपनीने मांडला आणि ‘टॉम अँड जेरी’ काढणारे विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा ऐन उमेदीत बेकार झाले. त्याच वर्षी त्यांनी स्वतःची कंपनी काढली. गिऱ्हाईक एकच उरलं होतं: टीव्ही.

टीव्हीकडे पैसा नव्हता. जिथे एका ‘टॉम अँड जेरी’वर तीस-चाळीस हजार डॉलर खर्च होत, तिथे टीव्हीच्या एका छोट्या कार्टूनसाठी तीनेक हजार मिळणार होते. मग चित्रं कमी करणं आलंच. पात्र बोलताना फक्त तोंड हलायचं, चालताना मागे तेच झाड पुन्हा पुन्हा सरकत जायचं. त्यांच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे तोही याचसाठी. कॉलरच्या रेषेवर डोकं धडापासून वेगळं करता येतं, मग धड जागेवर ठेवून नुसतं डोकं पुन्हा काढलं की भागतं. अंगावर कपडा नसलेल्या अस्वलाला टाय का, याचं उत्तर असं पैशांच्या तंगीत आहे. आणि चित्र हलत नाही म्हटल्यावर सगळा भार आवाजावर आला. हकलबेरी हाउंड या कुत्र्याचा अमेरिकेच्या दक्षिणेकडचा संथ हेल आणि योगीची फुशारकी, दोन्ही डॉज बटलर या एकाच कलाकाराच्या गळ्यातून आली. या कार्टूनांचा अर्धा जीव त्याच्या आवाजात आहे, असं मी बेधडक म्हणेन.

पण तीन हजार तरी द्यायचे कोणी? इथे मिशिगन राज्यातलं बॅटल क्रीक हे गाव येतं. कॉर्नफ्लेक्सचा जन्म या गावातल्या एका सॅनिटेरियममध्ये झाला, रुग्णांसाठी, साधा आणि सात्त्विक आहार म्हणून. १९०६ साली विल किथ केलॉगने त्याची कंपनी केली. सी. डब्ल्यू. पोस्टची प्रतिस्पर्धी कंपनीही याच गावची. दुसऱ्या महायुद्धानंतर या धंद्याने कूस बदलली. पोस्टने १९४९ मध्ये साखर चढवलेला ‘शुगर क्रिस्प’ काढला, पाठोपाठ केलॉग्जचे ‘शुगर पॉप्स’, १९५२ मध्ये ‘शुगर फ्रॉस्टेड फ्लेक्स’ आणि पुढच्या वर्षी ‘शुगर स्मॅक्स’. या शेवटच्या पदार्थात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर होती. रुग्णांचा पथ्याचा पदार्थ अर्ध्या शतकात मुलांचा खाऊ झाला. साहजिकच जाहिरात आईशी बोलायची सोडून थेट मुलाशी बोलू लागली. ‘फ्रॉस्टेड फ्लेक्स’चा टोनी द टायगर हा वाघ त्याच काळातला.

शिकागोच्या लिओ बर्नेट या जाहिरात संस्थेने केलॉग्जसाठी पुढचं पाऊल टाकलं. दुसऱ्याच्या कार्यक्रमात मधे जाहिरात घालण्याऐवजी अख्खा कार्यक्रमच घ्यायचा. १९५८ च्या शरदात ‘हकलबेरी हाउंड शो’ सुरू झाला, तोही एखाद्या नेटवर्कवर नव्हे, तर गावोगावच्या स्टेशनांवर केलॉग्जने विकत घेतलेल्या अर्ध्या तासात. शीर्षकगीतातच केलॉग्जचं नाव होतं. योगी बेअर या कार्यक्रमातलं दुय्यम पात्र होता. तो इतका लोकप्रिय झाला की १९६१ मध्ये त्याला स्वतंत्र कार्यक्रम मिळाला. त्याआधी १९६० मध्ये ‘हकलबेरी हाउंड’ला एमी हे टीव्हीचं मानाचं पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणारी ही पहिली कार्टून मालिका. मोठी माणसंही ती आवडीने बघत.

लवकरच पात्रं पडद्यावरून खोक्यावर उतरली. योगी केलॉग्जच्याच ‘ओकेज’च्या खोक्यावर आला, क्विक ड्रॉ मॅकग्रॉ हा बंदूकवाला घोडा ‘शुगर स्मॅक्स’च्या. मुलाने संध्याकाळी योगीला पाहायचं आणि सकाळी वाटीशेजारी तोच योगी उभा असायचा. जाहिरात कुठे संपते आणि गोष्ट कुठे सुरू होते, हे पाच-सहा वर्षांच्या मुलाने कसं ओळखायचं? मला ही कार्टून मनापासून आवडतात, तरी हा प्रश्न टाळावासा वाटत नाही.

केलॉग्जचं पाहून जनरल मिल्स ही नाश्त्याचे पदार्थ करणारी दुसरी कंपनी सरसावली. १९५९ मध्ये जे वॉर्डचा ‘रॉकी अँड हिज फ्रेंड्स’ तिच्या पैशावर आला आणि खर्च वाचवायला त्याची चित्रं मेक्सिकोत काढून घेतली गेली. जे वॉर्डने १९५० च्या सुमारास अॅलेक्स अँडरसनबरोबर ‘क्रुसेडर रॅबिट’ हे खास टीव्हीसाठीचं पहिलं कार्टून केलं होतं, म्हणजे तो या वाटेवरचा जुना वाटसरू. पण जनरल मिल्सची दुसरी चाल मला जास्त बोलकी वाटते. ‘टोटल टेलिव्हिजन’ ही ‘अंडरडॉग’ या कुत्र्याची मालिका काढणारी कंपनी ज्या चौघांनी उभी केली, ते जनरल मिल्सच्या जाहिरात संस्थेतूनच आलेले होते. त्यातल्या जो हॅरिसने जनरल मिल्सच्या ‘ट्रिक्स’च्या जाहिरातीतला ससाही काढला होता. जाहिरातीचा ससा आणि मालिकेतला कुत्रा एकाच हातचे.

पोस्टने तर क्रमच उलटा केला. ‘लायनस द लायनहार्टेड’ ही १९६४ ची मालिका पोस्टच्याच खोक्यांवरच्या पात्रांची होती. लायनस सिंह ‘क्रिस्पी क्रिटर्स’चा, शुगर बेअर ‘शुगर क्रिस्प’चा, टपालवाला ‘अल्फा-बिट्स’चा. आधी माल, मग त्याची पात्रं आणि शेवटी त्यांच्या गोष्टी. अमेरिकेच्या प्रसारण आयोगाने मालिकेतल्या पात्रांना तिथेच माल विकायला आडकाठी केली, तेव्हा १९६९ मध्ये ती पडद्यावरून उतरली. क्वेकर या आणखी एका कंपनीचा ‘कॅप्टन क्रंच’ मात्र जाहिरातीपुरताच राहिला, आणि टिकला. १९६३ पासूनच्या त्याच्या जाहिराती जे वॉर्डच्या स्टुडिओतल्या, आवाज पुन्हा डॉज बटलरचा.

१९६८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये पेगी चॅरन आणि इतर पालकांनी ‘अॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना काढली आणि प्रकरण धसास लावलं. १९७४ मध्ये आयोगाने धोरण जाहीर केलं: मुलांच्या कार्यक्रमातलं पात्र त्याच कार्यक्रमात किंवा त्याला लागून माल विकणार नाही. १९९० मध्ये मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींच्या वेळेवर कायद्यानेच मर्यादा आली.

आपल्याकडे हकलबेरी आणि योगी पोचले ते १९९५ मध्ये कार्टून नेटवर्कबरोबर. केलॉग्ज वर्षभर आधीच भारतात आली होती. तिचा कारखाना तळोज्याला. पण पुनःप्रक्षेपणासाठी जुन्या भागांतली प्रायोजकाची नावं कधीच कापली गेली होती, त्यामुळे या दोघांचं नातं इथल्या मुलांना पडद्यावर दिसलं नाही. अमेरिकेत कार्टून आणि खोक्याचं नातं आजही आहे, नियमाच्या चौकटीत. पोस्टने १९७१ मध्ये हॅना-बार्बेरांच्या ‘फ्लिंटस्टोन्स’ मालिकेच्या नावावर ‘फ्रूटी पेबल्स’ काढलं, ते अजून विकलं जातं. फ्रेड फ्लिंटस्टोनला त्याची जाहिरात करता येते, फक्त त्याच्या स्वतःच्या मालिकेत आणि तिच्या आगेमागे नाही.