चमचा केवढा?

गणपतीत परळच्या थोरल्या मामांकडे गावाहून एक पिशवी आली. आत राखाडी चूर्ण आणि वर चिठ्ठी: 'कंपवातावर. दिवसातून दोनदा, एक चमचा दुधातून.' मामांना पार्किन्सन्सचं निदान होऊन सहा वर्षं झाली. सात, अकरा, तीन आणि पुन्हा सात, अशा त्यांच्या गोळ्यांच्या वेळा. एखादी चुकली की मोरीच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मामींनी पॅसेजच्या लादीवर लाल चिकटपट्टीचे आडवे पट्टे मारलेत. पट्टा ओलांडायचा म्हटलं की अडकलेला पाय उचलला जातो. या आजारात डोळ्यांना अशी खूण दिली की पावलं सुटतात, ही मान्य युक्ती आहे.

चूर्ण गोळ्यांच्या जोडीला सुरू झालं. दोन दिवस मामा खूश, शर्टाची बटणं त्यांची त्यांनी लावली. चौथ्या दिवशी मात्र मान आणि उजवा खांदा आपोआप वळवळायला लागला. होडीत बसल्यासारखे डुलत होते. मामी म्हणाल्या, दृष्ट लागली. मला धास्ती वेगळीच होती. चूर्ण लागू पडलं होतं.

पिशवीत होतं खाजकुयलीचं बी. कोकणात वाढलेल्याला हे झाड शिकवावं लागत नाही. शेंगेवरची ती तपकिरी लव शाळेत कुणाच्या ना कुणाच्या कॉलरमध्ये गेलेली असतेच. संस्कृतात कपिकच्छू, माकडालाही खाजवायला लावणारी. शेंग सोलली की आत काळं, चकचकीत बी. त्या बियांतून दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली एक पदार्थ वेगळा काढला: लेव्होडोपा. मामांच्या गोळीत असतो तोच, रेणूला रेणू जुळणारा. त्यामुळे 'झाडपाला की केमिकल' हा आमच्या घरात रंगलेला वाद मला बिनबुडाचा वाटतो.

लेव्होडोपा कंपवातावर चालतो हे कळायला मात्र आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली, आणि त्या वाटेवर मामांच्या घरापासून चालत जाता येईल असं एक ठिकाण लागतं. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळ्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन पाहिल्या आणि निष्कर्ष १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. सर्पगंधा आपल्याकडे जुनीच. कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच तिच्यावर लिहिलं होतं. पण वकिलांच्या लेखानंतर जगाचं लक्ष तिकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं रेसरपिन वेगळं काढलं गेलं. रक्तदाब उतरायचा खरा, पण जास्त मात्रेत काही रुग्ण ताठरायचे, थरथरायचे, थेट पार्किन्सन्स झाल्यासारखे.

असं का व्हावं? स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपिन टोचलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग डोपा (लेव्होडोपा हे त्याचंच एक रूप) टोचलं, आणि थोड्याच वेळात ते कान टवकारून हिंडू लागले. रेसरपिनमुळे मेंदूतला डोपामिनचा, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा, साठा रिकामा होत होता. पुढे व्हिएन्नामध्ये ओलेह होर्निकीविच यांनी दगावलेल्या कंपवाताच्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा हालचाली सांभाळणाऱ्या भागात डोपामिन जवळपास आटलेलं दिसलं. मग डोपामिनच का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत शिरताना जी गाळणी लागते, तिच्यातून डोपामिन जात नाही. लेव्होडोपा जातो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन बनतं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

पण वाट माहीत झाली म्हणून औषध हाती आलं असं होत नाही. बाझेलच्या मार्कुस गुगेनहाइम यांनी १९१३ मध्येच बाकल्याच्या शेंगांतून लेव्होडोपा मिळवला होता. त्यांनी स्वतः अडीच ग्रॅम गिळून पाहिला आणि ओकून ओकून बेजार झाले. लेव्होडोपाचं बरंचसं डोपामिन मेंदूबाहेरच बनतं, आणि ते मळमळ आणतं. अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी १९६७ मध्ये डोपाची मात्रा अगदी थोडी सुरू करून हळूहळू चढवत नेली, तेव्हा रुग्णांना ती सोसवली. नंतर जोडीला कार्बिडोपा आलं. ते मेंदूबाहेर लेव्होडोपाचं डोपामिन होऊ देत नाही, आणि स्वतः मेंदूत शिरत नाही. त्यामुळे आधीच्या पाव हिश्श्यात काम भागू लागलं. मामांच्या एका गोळीत १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि २५ मिलिग्रॅम कार्बिडोपा असतं.

इथेच पिशवीची ग्यानबाची मेख आहे. खाजकुयलीत कार्बिडोपा नसतं. नुसतं चूर्ण घेणाऱ्याला ते बरंच लागेल. पण मामांच्या पोटात गोळीतलं कार्बिडोपा आधीच हजर होतं, आणि ते चूर्णातल्या लेव्होडोपालाही तितकीच साथ देतं. म्हणून मात्रा जास्त झाली, आणि मान-खांद्याची ती वळवळ त्यातूनच आली.

खाजकुयली रुग्णांना रीतसर देऊन पाहायचं काम मुंबईतही झालंय. डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा लेख १९७८ मध्ये न्यूरॉलॉजी इंडियात आला. १९९५ मध्ये ६० रुग्णांवर बारा आठवड्यांचा अभ्यास झाला, त्यात बियांची पूड पाण्यात कालवून दिली होती. रुग्ण सुधारले. मात्र तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि काय दिलंय ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ठाऊक असण्याने इतकं काय बिघडतं? या आजारात फार बिघडतं. एका अमेरिकी प्रयोगात १२ रुग्णांना सांगितलं, दोन इंजेक्शनं आहेत, एक १०० डॉलरचं, दुसरं १५०० डॉलरचं. दोन्हींत नुसतं मिठाचं पाणी होतं. 'महागड्या' इंजेक्शननंतर हालचाली जास्त सुधारल्या. आशेनेच मेंदू शिल्लक डोपामिन सोडतो, असं त्याआधी स्कॅनमध्येही दिसलं होतं. (सख्ख्या भावाने गणपतीत गावाहून आणलेल्या पिशवीची किंमत डॉलरात किती धरायची?) म्हणून २००४ मध्ये लंडनला आठच रुग्ण घेतले, पण कोणत्या दिवशी चूर्ण आणि कोणत्या दिवशी गोळी हे रुग्णालाही सांगितलं नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. ३० ग्रॅम चूर्णाचा गुण सरासरी ३५ मिनिटांत आला, गोळीचा ६९ मिनिटांत. पण हा एकेका मात्रेचा हिशेब. बोलिव्हियात १४ जणांना काही आठवडे चूर्णावर ठेवायचं ठरलं, तेव्हा सात जणांनी मध्येच सोडलं. कुणाचं पोट बिघडलं, कुणाच्या हालचाली मंदावत गेल्या.

मामांनी चूर्ण घेतलं ते गावच्या मायेपोटी, आणि एका भीतीपोटीही: गोळ्या आत्ताच वाढवल्या तर पुढे त्या चालणार नाहीत. ही भीती घरोघरी असते. नेदरलँड्समध्ये ४४५ नव्या रुग्णांवर ती तपासली गेली. अर्ध्यांना लगेच लेव्होडोपा, अर्ध्यांना ४० आठवडे बिनऔषधाची गोळी आणि मग लेव्होडोपा. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच होते. लवकर सुरू केल्याने आजार थांबला नाही, आणि नुकसानही झालं नाही. २०१९ मध्ये हे छापून आलं. मामांना मी सांगितलं. त्यांनी 'हं' केलं.

डॉक्टरांनी चूर्ण बंद करायला सांगितलं आणि बजावलं, गोळी मात्र एकदम सोडायची नाही, ते जिवावर बेतू शकतं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "चमचा केवढा?" मामींनी बोटाने दाखवलं. ते बोट काही कुणाला मोजता आलं नाही.

घरी आल्यावर मामींनी चमचा काढला. पोहे खायचा, आणि घ्यायचा तोही शीग लावून. खालच्या वाण्याच्या काट्यावर कागद ठेवून आम्ही तेवढं चूर्ण मोजलं. नऊ ग्रॅम. या बियांत लेव्होडोपा साधारण चार ते सहा टक्के असतो. वाण्याने त्याच कागदावर पेन्सिलीने गुणाकार केला: एका चमच्यात साडेतीन ते साडेपाच गोळ्या, दिवसातून दोनदा.