धावपट्टीवरून विमान घसरणे

उतरताना किंवा उड्डाण घेताना विमान धावपट्टीच्या टोकापलीकडे किंवा बाजूच्या कडेबाहेर जाणे. वर्तमानपत्रे दोन्हीला ‘विमान घसरले’ म्हणून मोकळी होतात, पण बाजूला गेलेले विमान बहुधा चिखलात रुतून थांबते. टोकापलीकडे गेलेल्याचे काय होणार, हे पुढे मोकळे मैदान आहे की दरी, यावर ठरते. ‘घसरले’ म्हटले की दोष पावसाच्या माथी जातो. चौकशी अहवाल वाचले तर गडबड अनेकदा चाके टेकण्याआधीच सुरू झालेली दिसते.

उतरणारे जेट विमान धावपट्टीच्या सुरुवातीवरून साधारण ५० फूट उंचीने यावे आणि लांब धावपट्टी असेल तर पहिल्या सुमारे ९०० मीटरांत टेकावे, अशी अपेक्षा असते. वेग ताशी २५० किलोमीटर धरला तर तो सेकंदाला सुमारे ७० मीटर होतो. टेकायला पाच सेकंद उशीर झाला की साडेतीनशे मीटर पट्टी मागे पडली. मागून वारा असेल तर जमिनीवरचा वेग आणखी वाढतो. त्यात पट्टीवर पाणी साचले असेल तर टायर पाण्याच्या थरावर तरंगतात (हायड्रोप्लेनिंग) आणि ब्रेक असून नसल्यासारखे होतात. म्हणून धावपट्टीवर आडव्या खाचा पाडतात, टायरांचे चिकटलेले रबर खरवडून काढतात. ओल्या पट्टीवर विमान जरा जोरातच टेकवायचे असते. प्रवासी ज्याला ‘आदळले’ म्हणून नावे ठेवतात, ते बऱ्याचदा शहाणपणाचे असते.

७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७ दुबईहून कोझिकोडला आले. करोनाकाळात परदेशी अडकलेल्यांना आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेतले हे उड्डाण. विमानात १९० जण. कॅप्टन दीपक साठे नागपूरच्या कुटुंबातले, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले, हवाई दलाचे निवृत्त अधिकारी. पहिला प्रयत्न त्यांनी सोडला. पाऊस होता आणि त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. दुसऱ्यांदा ते उलट दिशेने, मागून वारा घेत उतरले. २,७०० मीटरच्या पट्टीवर चाके टेकली ती सुमारे १,३५० मीटरवर, म्हणजे अर्धी पट्टी संपल्यावर. कोझिकोडचा हा करिपूर विमानतळ डोंगरमाथा सपाट करून केलेला. पट्टी आणि पुढची सुरक्षा पट्टी ओलांडून विमान सुमारे ११० फूट खाली कोसळले आणि त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. आग लागली नाही, म्हणून बाकीचे वाचले. चौकशी अहवालाने संभाव्य कारण म्हणून ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण साठे यांच्या नावावर असल्याने कोझिकोडलाच उतरण्याची ओढ होती, हेही त्यात नोंदले आहे.

दहा वर्षांपूर्वी, २२ मे २०१० रोजी, मंगळुरूच्या अशाच पठारी धावपट्टीवर हेच घडले होते. पट्टी सुमारे २,४५० मीटरची, चाके टेकली सुमारे १,६०० मीटरवर. प्रवासात बराच वेळ झोपलेल्या कॅप्टनने उतरल्यावर, वेग कमी करणारा इंजिनांचा उलटा रेटा सुरू केल्यानंतर, पुन्हा उडण्याचा प्रयत्न केला. विमान दरीत जाऊन पेटले. १६६ पैकी १५८ मृत्युमुखी पडले.

दोन्ही कॉकपिटांत ‘गो-अराउंड’ हा शब्द उच्चारला गेला होता, तोही कनिष्ठाच्या तोंडून. गो-अराउंड म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे. घिरट्या घालून परत यायचे, एवढेच. अनेक विमान कंपन्या त्याबद्दल वैमानिकाला जाब विचारत नाहीत. तरी ‘विमान टेकता टेकता पुन्हा वर गेले, प्रवासी भयभीत’ अशी बातमी होतेच, आणि जमीन समोर दिसू लागली की अनुभवी माणसालाही उतरण्याचा मोह सोडवत नाही.

धावपट्टीपुढे मोकळी सुरक्षा पट्टी ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे: किमान ९० मीटर, शिफारस २४० मीटरची. जागा नसेल तिथे सच्छिद्र, ठिसूळ काँक्रीटचा थर घालतात. चाके त्यात रुतून विमान थांबते. पट्टीपलीकडचे बांधकाम मात्र घातक ठरते. २९ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण कोरियात मुआन येथे चाके न उघडता उतरलेले विमान, उतरणाऱ्या विमानांना दिशा दाखवणाऱ्या अँटेनाच्या काँक्रीटच्या बंधाऱ्यावर आदळले आणि १८१ पैकी १७९ जण मेले. मंगळुरूतही विमानाचा पंख अशाच अँटेनाच्या काँक्रीटवर आपटला होता.

मुंबईत प्रश्न वेगळा. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि मुख्य पट्टीवर मोठा भार असतो. १ जुलै २०१९ च्या रात्री, धो-धो पावसात, जयपूरहून आलेले विमान तिच्या टोकापुढे जाऊन चिखलात रुतले. प्रवासी सुखरूप होते, पण विमान बाहेर ओढून काढेपर्यंत मुख्य पट्टी ५ जुलैपर्यंत बंद राहिली आणि शेकडो उड्डाणे रद्द झाली.