गर्भजल जास्त : सुईपासून सबुरीपर्यंत

सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'एएफआय २६' असा गर्भजलाच्या मापाचा आकडा येतो, त्याखाली 'पॉलीहायड्रॅम्निऑस' (बाळाभोवतीचं पाणी जास्त) असं भलंमोठं नाव असतं आणि घरात सल्ले सुरू होतात. "अगं, पाणी जरा बेतानं पी," हा पहिला. मीठ तोडायचा दुसरा. डॉक्टर मात्र साखरेची तपासणी लिहून देतात, बाळाची सोनोग्राफी पुन्हा नीट करून घ्यायला सांगतात आणि 'दोन आठवड्यांनी या' म्हणतात. एवढं मोठं नाव, आणि गोळी एकही नाही? गोळ्या होत्या. नळ्या होत्या, सुया होत्या. त्यांतलं काय टिकलं आणि काय गळालं, हे कळलं की त्या 'दोन आठवड्यांनी या'चा अर्थही लागतो.

मुळात हे पाणी येतं कुठून, हेच फार काळ कुणाला धड ठाऊक नव्हतं. बाळाचा घाम, आईच्या रक्तातून झिरपलेलं पाणी, बाळाची लघवी असे तर्क शतकानुशतकं चालले. रक्ताभिसरण उलगडून दाखवणाऱ्या विल्यम हार्वे यांनी १६५१ मध्ये जननाविषयी लिहिताना बाळ हे पाणी गिळतं असं मांडलं, पण पोटातल्या बाळाला पाणी पिताना पाहणार कोण?

त्यावर एक अफलातून युक्ती काढली ती नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या डी स्नू या प्रसूतितज्ज्ञांनी. गर्भजल फार वाढलेल्या बायकांच्या पोटातून त्यांनी सुईनं सॅकरिन आत सोडलं. बाळाला गोड आवडत असेल तर ते जास्त पाणी पिईल आणि पाणी आपोआप कमी होईल, असा सरळ हिशेब. बाळ खरंच पितंय का, हे कळावं म्हणून सोबत मिथिलीन ब्लू हा निळा रंग. बाळानं गिळलेला रंग त्याच्या रक्तात, तिथून वारेतून आईच्या रक्तात आणि शेवटी आईच्या लघवीत उतरतो. सॅकरिन दिल्यावर आईची लघवी जास्त निळी झाली, म्हणजे बाळ जास्त प्यायलं. हे त्यांनी १९३७ मध्ये छापलं. उपचार म्हणून ते काही रूढ झालं नाही, आणि आज तसा प्रयोग करायला कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही. पण पाणी वाढण्याचा संबंध बाळाच्या गिळण्याशी आहे, हे त्या निळ्या लघवीनं दाखवलं.

दुसरी बाजू उलट्या वाटेनं कळली. शिकागोच्या एडिथ पॉटर यांनी १९४६ मध्ये मूत्रपिंडंच तयार न झालेल्या बाळांचं वर्णन केलं. अशा बाळांभोवती गर्भजल जवळजवळ नसतंच. म्हणजे गरोदरपणाच्या उत्तरार्धात पाण्याचा मुख्य पुरवठा बाळाच्या लघवीचा. १९६५ मध्ये डॅलसच्या जॅक प्रिचर्ड यांनी खूण केलेल्या तांबड्या पेशी गर्भजलात सोडून बाळ दिवसाकाठी किती गिळतं हे मोजलं; दिवस भरत आलेल्या बाळाचा हा आकडा साधारण अर्ध्या लिटरच्या घरात जातो. फुप्फुसातून थोडं पाणी येतं, वारेच्या पृष्ठभागावरून थोडं शोषलं जातं, पण मोठा व्यवहार या दोनच खात्यांवर चालतो. लघवी वाढली किंवा गिळणं अडलं की पाणी साचतं.

यातून कारणांची यादी जवळजवळ आपोआप तयार होते. आईची साखर वाढली की बाळाचीही वाढते आणि ते जास्त लघवी करतं. अन्ननलिका मध्येच बंद असेल, आतड्याचा सुरुवातीचा भाग अडलेला असेल किंवा मेंदूच्या दोषामुळे गिळता येत नसेल, तर पाणी आत जात नाही. एकच वार वाटून घेणाऱ्या जुळ्यांत एकाकडे जादा रक्त वळलं की त्याच्या पिशवीत पूर येतो. आईचं रक्त आरएच निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असताना बाळाला तीव्र रक्तक्षय झाला तरी पाणी वाढतं. १९६८ नंतर अँटी-डी इंजेक्शन आल्यापासून हे कारण खूप कमी झालं. एवढं सगळं तपासूनही निम्म्याहून अधिक बायकांत कारण सापडत नाही, आणि त्यांतल्या बहुतेकींची बाळं ठणठणीत असतात.

सोनोग्राफीच्या आधी निदान हाताचं होतं. दिवसांच्या मानानं पोट मोठं, कातडी ताणून चकचकीत, बाळाचे अवयव चाचपताना हातातून निसटणारे. मग पाण्याची लाट तपासायची : एकानं पोटाच्या मधोमध हाताची कड रोवून धरायची, तपासणाऱ्यानं एका बाजूला टिचकी मारायची आणि पलीकडच्या तळहाताला लहर लागते का ते पाहायचं. दोन लिटरपेक्षा जास्त पाणी म्हणजे आजार अशी व्याख्या पुस्तकात असायची, पण ते दोन लिटर मोजायला मिळायचे पाणमोट फुटल्यावरच. त्यामुळे ज्या बाईला धाप लागतेय, आडवं होता येत नाही, पाय सुजलेत, तीच रुग्ण ठरायची. बाकीच्या नुसत्या 'पोट जरा मोठं दिसतंय' एवढ्यावर सुटायच्या.

उपाय एकच, पाणी काढणं. खालून पाणमोट फोडली की पाणी धो धो यायचं, आणि त्यासोबत नाळ खाली घसरायची किंवा गर्भाशय एकदम आकसल्यानं वार सुटायची. दोन्हींत बाळाचा जीव जायचा. हा वेग आवरायला ब्रिस्टलच्या ड्र्यू स्माइथ यांची इंग्रजी 'एस'सारख्या वळणाची धातूची नळी वापरात आली. बाळाच्या डोक्याला वळसा घालून ती वर सरकवायची, तिथं पाणमोट टोचायची, म्हणजे पाणी हळूहळू झिरपतं. आपल्याकडच्या एमबीबीएसच्या तोंडी परीक्षेत ही नळी कित्येक पिढ्यांपुढे टेबलावर मांडली गेली. प्रत्यक्ष वापरताना पाहिलेले विद्यार्थी मात्र विरळाच. दुसरा मार्ग पोटातून सुई घालण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन डॉक्टर तो करू लागले होते, अर्थात अंदाजानं. सुईच्या वाटेत वार आहे की बाळाचा हात, हे कळायची सोयच नव्हती. यांच्या जोडीला सक्तीची विश्रांती, मीठ-पाण्यावर बंधन आणि लघवी होण्याच्या गोळ्या. यांतल्या कशानंही गर्भजल कमी होत नाही, हे आता पक्कं झालं आहे, तरी घरगुती सल्ल्यांत ते सगळे अजून नांदतात. 'पाणी कमी पी'ला एक अर्धामुर्धा आधार आहे : गर्भजल कमी असताना आईनं भरपूर पाणी प्यायलं तर ते थोडं वाढतं. त्याचं उलट करून उपचार होत नाही. बाई तहानलेली राहते, एवढंच.

पोटातून घालायच्या त्या सुईला विसाव्या शतकात नवं काम मिळालं. पाणी उपसण्याऐवजी चमचाभर काढून तपासायचं. मँचेस्टरच्या डग्लस बेव्हिस यांनी १९५२ मध्ये आणि ऑकलंडच्या विल्यम लायली यांनी १९६१ मध्ये त्यावरून आरएचग्रस्त बाळाचा रक्तक्षय किती हे ओळखायची रीत बसवली. पुढे गुणसूत्रं तपासता येऊ लागली. मग ही सुई भारतात आली आणि १९८०च्या दशकात मुंबईसह महाराष्ट्रभर 'मुलगा की मुलगी' सांगायची सुई झाली. कार्यकर्त्यांनी उभ्या केलेल्या लढ्यानंतर महाराष्ट्रानं १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, तो देशातला पहिला; केंद्राचा कायदा १९९४चा. आज गरोदर बाईची सोनोग्राफी करण्याआधी 'फॉर्म एफ' भरावा लागतो, त्यात तपासणीचं कारण नोंदवावं लागतं, आणि गर्भजलाचं मोजमाप हे त्या छापील कारणांपैकी एक आहे. कागदपत्रांनी वैतागलेल्या डॉक्टरांची तक्रार समजण्यासारखी आहे, पण हा कागद उगाच आलेला नाही.

सोनोग्राफीचं मूळ ग्लासगोत. इयान डोनाल्ड १९५५ मध्ये ऑपरेशनात काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून रेनफ्र्यूच्या बॉयलर कारखान्यात गेले. तिथं धातूतल्या भेगा शोधायचं ध्वनिलहरींचं यंत्र होतं. गाठींवर ते चालवून पाहिलं, तुलनेला गोमांसाचा तुकडा. पाण्यानं भरलेली गाठ आणि भरीव गाठ वेगळी उमटली. १९५८ मध्ये अभियंता टॉम ब्राउन आणि जॉन मॅकविकार यांच्यासह त्यांनी ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. पाणी ओळखणं हेच या यंत्राचं पहिलं बळ. गर्भजल मोजायला ते वापरलं जाणं ओघानंच आलं. १९८४ मध्ये विनिपेगच्या गटानं पाण्याचा सर्वात खोल एक कप्पा मोजून आठ सेंटिमीटरच्या वर गेला तर जास्त, असं धरलं. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या जेफ्री फेलन आणि सहकाऱ्यांनी बेंबीवरून पोटाचे चार भाग करून प्रत्येकातल्या खोल कप्प्याच्या सेंटिमीटरमधल्या उंचीची बेरीज करायची पद्धत आणली. तोच हा एएफआय. २४-२५च्या पुढे जास्त, ३५च्या पुढे तीव्र.

मोजमाप सोपं झालं आणि माझ्या मते तिथंच घोटाळाही झाला. पूर्वी जिला कुणी आजारी म्हटलं नसतं, ती आता २६ या आकड्यानं आजारी ठरू लागली. शंभरातल्या एक-दोन गरोदर बायकांच्या रिपोर्टवर हे नाव येतं, बहुतेक सौम्य. त्यात बाळ हललं, तपासणाऱ्याचा हात बदलला की आकडा दोन-तीननं सहज सरकतो. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून 'एकानं वाढलं' म्हणून रात्रभर जागण्यात काही अर्थ नाही.

गोळीची पाळी १९८७ मध्ये आली. इंडोमेथासिन हे सांधेदुखीचं जुनं औषध बाळाची लघवी कमी करतं, म्हणून पाणी उतरतं, असे अहवाल आले आणि सगळ्यांना हायसं वाटलं. वर्षभरातच, १९८८ मध्ये, केनेथ मॉइस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हेच औषध बाळाच्या हृदयाजवळची, जन्माआधी उघडी राहायलाच हवी अशी रक्तवाहिनी आवळतं. अमेरिकेतल्या माता-गर्भ वैद्यक संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट लिहिलं : नुसतं पाणी कमी करायला इंडोमेथासिन देऊ नये, सुईनं पाणी काढणं फक्त तीव्र प्रकारात, बाईला श्वास घेणं कठीण झालं किंवा त्रास असह्य झाला तरच, सौम्य आणि कारण न सापडलेल्या प्रकारात ३९ आठवड्यांआधी कळा आणू नयेत. एकच वार वाटून घेणाऱ्या जुळ्यांच्या त्या गंभीर प्रकारात मात्र पाणी उपसत बसण्यापेक्षा वारेतल्या जोडरक्तवाहिन्या लेझरनं बंद करणं चांगलं, हे २००४ च्या युरोपीय चाचणीत दिसलं : किमान एक बाळ वाचण्याचं प्रमाण लेझरनं ७६ टक्के, पाणी उपसून ५६.

आपल्याकडे सगळ्यात हाताशी असलेलं कारण साखरेचं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपाशी असण्याची अटही नाही : ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं, १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत ही तपासणी नीट आली असली तरी पुढे, २४ ते २८ आठवड्यांत, ती पुन्हा करायची असते, आणि हीच दुसरी खेप बऱ्याचदा राहून जाते. साखर ताब्यात आली की पाणीही पुष्कळदा आटोक्यात येतं.

ते दोन आठवडे काढायचे कसे? कुशीवर उशी घेऊन झोपणं, थोडं थोडं खाणं, तहान लागेल तसं पाणी पिणं. धाप वाढली, पोट दगडासारखं वरचेवर कडक होऊ लागलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर तारखेची वाट पाहायची नाही. पाणमोट घरीच फुटली तर आडवं होऊन थेट दवाखाना गाठायचा, कारण नाळ घसरण्याची भीती आजही तितकीच आहे. पाणी खूप जास्त असेल तर बाळंतपण रक्ताची आणि नवजात अतिदक्षता विभागाची सोय असेल तिथंच ठरवावं; फार ताणलेलं गर्भाशय बाळंतपणानंतर लवकर आवळत नाही आणि रक्तस्राव वाढतो. बालरोगतज्ज्ञांना पाण्याची गोष्ट आधी सांगून ठेवायची. जन्मल्यावर, पहिलं दूध देण्याआधी, ते बाळाच्या तोंडातून एक बारीक नळी पोटापर्यंत घालून पाहतात. नळी जठरात पोचली तर अन्ननलिका मोकळी आहे आणि दूध सुरू करता येतं. मध्येच अडली तर दूध थांबवून एक्स-रे काढतात आणि बालशल्यचिकित्सकांना बोलावतात.