कासव फक्त सुके झिंगेच खातं? मग हे आधी वाचा

"कासवाचे डोळे सुजलेत, काही ड्रॉप आहेत का?" हा प्रश्न आमच्या काउंटरवर इतक्या वेळा येतो की शेवटी हे पत्रक छापायचं ठरवलं. ड्रॉप विचारणाऱ्या प्रत्येकाला आम्ही उलट एकच प्रश्न करतो: खायला काय देता? दहातल्या आठजणांचं उत्तर ठरलेलं असतं. "तेच हो, ते लाल झाकणाच्या डब्यातले सुके झिंगे. दुसरं काही खातच नाही."

हे पत्रक डोळ्यामागे लाल पट्टा असलेल्या हिरव्या, पाण्यातल्या कासवासाठी आहे, म्हणजे रेड इअर्ड स्लायडरसाठी. ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. आपल्याकडे कुणी मुलांच्या हट्टापायी आणतं, कुणी वास्तूसाठी उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवायला. आणताना रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंच मोठं असलेलं हे पिल्लू नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं, आणि मादी असेल तर पाठ २५ सेंटिमीटरच्या पुढे जाते. आम्ही कासवं विकत नाही, त्यांचं खाद्य आणि सामान विकतो. त्यामुळे जे कासव तुमच्याकडे आधीपासून आहे, ते धडधाकट राहावं एवढीच आमची धडपड.

झिंगे वाईट नाहीत, पण ते जेवण नाही

आपण पोराला रोज नुसते कुरमुरे दिले तर त्याचं पोट भरेल, अंग भरणार नाही. सुक्या झिंग्यांचं तसंच आहे. वास उग्र, कुरकुरीत, पाण्यावर तरंगणारे; कासव त्यावर तुटून पडतं आणि आपल्याला वाटतं, वा, आवडलं. पण वाळवलेल्या झिंग्यात जीवनसत्त्व अ जवळजवळ नसतंच, आणि वाढत्या कासवाला सगळ्यात आधी तेच कमी पडतं. ते कमी झालं की डोळ्याभोवतीच्या ग्रंथींचं अस्तर बदलतं, ग्रंथी फुगतात आणि पापणीखाली पांढरट साका धरतो. डोळे मिटतात. कासव खाणं शोधतं ते मुख्यतः नजरेने. डोळे मिटले की खाणं सुटतं, खाणं सुटलं की कमतरता आणखी वाढते. कधी कानाच्या जागी, डोळ्यामागे, वाटाण्याएवढी गाठ येते. तीही बहुतेक वेळा याच कमतरतेतून.

"पण सहा महिने झिंग्यांवरच होतं, काही झालं नाही," असं लोक म्हणतात. बरोबर आहे. हे जीवनसत्त्व यकृतात साठतं. पिल्लू जन्मताना थोडी शिदोरी घेऊन येतं आणि तेवढ्यावर काही महिने निघतात. शिदोरी संपली की डोळे सुजतात.

मागच्या थंडीत एक ताई श्रीखंडाच्या डब्यात कासव घेऊन आल्या. काउंटरवर वर्तमानपत्र अंथरून त्याला ठेवलं. दोन्ही डोळे चण्यासारखे फुगलेले, मान बाहेर काढून ते हवेत तोंड फिरवत होतं, जणू काही शोधतंय. मी अंगठ्याने पाठीची कडा हलकेच दाबली तर ती जुन्या चपलेच्या तळव्यासारखी वाकली. वर्षाच्या वरच्या कासवाची पाठ अशी वाकता कामा नये. ताईंनी दोन महिने डोळ्यांत ड्रॉप घातले होते, आणि टाकीच्या पाण्यात चमचा-चमचा कॅल्शियम पावडर. मनापासून केलं होतं सगळं. फक्त ताटातलं काही बदललं नव्हतं.

ड्रॉप डोळा वरून साफ करतात, आतली कमतरता भरत नाहीत. पाण्यात ढवळलेली पावडर कासवाच्या पोटात जात नाही, टाकी तेवढी दुधाळ होते. आणि जीवनसत्त्व अ चं इंजेक्शन स्वतःच्या मनाने तर कधीच नको. ते जास्त झालं तर कासवाची कातडी सोलून निघते. डोळे पूर्ण मिटले असतील, नाकातून फेस येत असेल किंवा पोहताना कासव एका बाजूला कलत असेल, तर आमच्याकडे न येता सरळ कासवं-पक्षी बघणाऱ्या पशुवैद्याकडे जा. कधी कधी डोळे घाण पाण्यामुळेही सुजतात. तो फरक त्यांनाच कळतो.

तिसऱ्या दिवशी हार मानू नका

आता मुद्द्याची गोष्ट. झिंग्यांऐवजी रोजचं जेवण म्हणून आम्ही पेलेट देतो, म्हणजे कासवासाठी बनवलेलं दाणेदार खाद्य. आमच्याकडून त्याचं पाकीट नेलेल्यांपैकी बरेच जण चौथ्या दिवशी ते परत घेऊन येतात. "तोंडच लावत नाही. उपाशी मरेल म्हणून परत झिंगे सुरू केले." सगळा घोटाळा नेमका इथे होतो. झिंग्यांना चटावलेलं कासव पहिले दोन-तीन दिवस पेलेटकडे पाठ फिरवतंच. तुम्ही तिसऱ्या दिवशी झिंगे टाकलेत की ते शिकतं: थांबलं की झिंगे मिळतात. पुढच्या वेळी ते पाच दिवस थांबतं.

अंगाने भरलेलं, डोळे उघडे, पोहणारं मोठं कासव आठ-दहा दिवस न खाता सहज काढतं. त्याचं शरीर आपल्यासारखं दिवसातून दोनदा जेवण मागत नाही. पिल्लाच्या बाबतीत मात्र इतकं ताणू नका, तीन-चार दिवसांत काहीच गेलं नाही तर आम्हाला फोन करा. आजारी कासवाला उपाशी ठेवून वळण लावायचा प्रयत्न तर मुळीच करू नका.

आमची पद्धत अशी. पहिले दोन दिवस काहीच देऊ नका, भूक लागू द्या. तिसऱ्या दिवशी दोन-चार झिंगे मिक्सरमधून कोरडे फिरवून भुकटी करा. पेलेटवर पाण्याचा हलका हात फिरवा आणि मासा तळायच्या आधी रव्यात घोळवतो तसे ते या भुकटीत घोळवा. कासवाला वेगळ्या टबात, त्याची पाठ बुडेल इतक्या कोमट पाण्यात सोडा. सकाळी, टाकीतलं पाणी आणि अंग तापल्यावर. घोळवलेले पेलेट टाका आणि बाजूला व्हा, वर उभं राहून बघत बसू नका. वीस मिनिटांत जे उरेल ते काढून टाका. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भुकटी रोज थोडी कमी करत न्या. काही कासवं दुसऱ्या दिवशीच वळतात. ताईंच्या कासवाला डॉक्टरांच्या औषधाने डोळे उघडल्यानंतर अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी त्यांनी मला पाठवलेल्या व्हिडिओत पेलेट चावताना होणारा बारीक कटकट आवाज ऐकू येत होता. तो मी दुकानातल्या सगळ्यांना ऐकवला.

वेगळा टब का? एक म्हणजे टाकी घाण होत नाही. दुसरं म्हणजे स्लायडरला घास पाण्याखालीच गिळता येतो, कोरड्यावर ठेवलेलं खाणं ते तोंडात घेऊन पाण्याकडे पळतं.

किती द्यायचं? कासवाचं डोकं पोकळ असतं तर त्यात मावेल इतके पेलेट, मान न धरता. वर्षाच्या आतल्या पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड. लोकांना हे फार कमी वाटतं. पण स्लायडर माणूस दिसला की हातपाय मारत काचेपाशी येतंच, पोट भरलेलं असलं तरी. ती भूक नाही, सवय आहे.

उघडलेलं पाकीट आम्ही परत घेत नाही, आणि यावरून काहीजण नाराज होतात. कारण साधं आहे: एकाच्या घरी उघडलेलं, दमट हात लागलेलं खाद्य दुसऱ्याच्या कासवाला विकणं आमच्याने होणार नाही. म्हणूनच आम्ही मोठ्या डब्यातून काढून ५० ग्रॅमच्या पुड्याही ठेवतो. आधी पुडी न्या, कासव वळलं की मोठं पाकीट घ्या. तसंही उघडलेल्या पाकिटातली जीवनसत्त्वं हळूहळू उडतातच. एका कासवासाठी किलोचा डबा घेऊन वर्षभर पुरवायचा हा हिशेब फायद्याचा नाही. आणि झिंग्यांचा मोठा डबा आमच्याकडे मिळत नाही, तो मुद्दामच ठेवत नाही. आठवड्यातून एकदा चार झिंगे द्या, खाऊ म्हणून.

पाला

लहानपणी मांसाहारी असलेलं हे कासव मोठं होत जातं तसं पाल्याकडे वळतं, आणि मोठ्या कासवाच्या खाण्यात निम्म्याहून अधिक हिरवं असायला हवं. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. यासाठी आमच्याकडून काहीच विकत घ्यायला नको, मंडईत सगळं मिळतं. शेवग्याचा पाला उत्तम, त्यात कॅल्शियम भरपूर. मुळ्याचा पाला, रताळ्याची पानं, जास्वंदीची पानं आणि फुलं, लेट्यूसची गडद हिरवी पानं. जीवनसत्त्व अ साठी किसलेलं गाजर किंवा लाल भोपळा. पालक आणि तांदुळजा रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. कोबी कधीतरी. पानं धुऊन, कपड्याच्या चिमट्यात धरून टाकीच्या कडेला अडकवा, म्हणजे ती पाण्यात लोंबत राहतात आणि कासव ओढून ओढून खातं. आज खाल्लं नाही म्हणून उद्या थांबू नका.

पोळी, भात, ब्रेड, दूध, फरसाण यातलं काही नको. बोनलेस चिकनही रोजचं नको: त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र, तर कासवाला कॅल्शियम फॉस्फरसच्या जवळपास दुप्पट लागतं. बाजारातला सुका जवळा कोकणातले बरेच ग्राहक प्रेमाने देतात. तो समुद्रातला असतो, त्यात मीठ आणि वाळू दोन्ही येतात. तो टाळा.

कॅल्शियम, आणि त्याच्याआधी ऊन

पाठ मऊ पडली की लोक कॅल्शियम मागतात. पण कॅल्शियम पोटातून रक्तात जायला जीवनसत्त्व ड३ लागतं, आणि कासव ते स्वतःच्या कातडीत उन्हातल्या अतिनील किरणांपासून बनवतं. ऊनच नसेल तर कितीही पावडर द्या, ती तशीच बाहेर पडते. आणि खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी चालत नाही. काच नेमके तेच किरण अडवते. "आमची टाकी तर खिडकीतच आहे" असं सांगणाऱ्यांची कासवंही म्हणूनच मऊ पडतात.

सकाळचं कोवळं ऊन, २० ते ३० मिनिटं, गॅलरीत किंवा गच्चीवर. काचेच्या टाकीत नव्हे, ती उन्हात भट्टीसारखी तापते. पसरट टब घ्या, थोडं पाणी, अर्ध्या भागावर सावली, वर जाळी. जाळी विसरू नका. कावळा, घार आणि मांजर या तिघांचाही कासवावर डोळा असतो. ज्यांच्या घरात ऊन येतच नाही त्यांनी यूव्हीबी बल्ब, म्हणजे तेच अतिनील किरण देणारा दिवा, लावावा. तो दिसायला पेटत राहतो, पण सहा ते बारा महिन्यांत त्यातले कामाचे किरण क्षीण होतात. म्हणून आम्ही बल्बच्या खोक्यावर विकल्याची तारीख लिहून देतो.

ऊन मिळत असेल तर ड३ नसलेली साधी कॅल्शियम पावडर घ्या, आठवड्यातून दोनदा ओलसर पेलेटवर चिमूटभर. ती स्वस्तही आहे, आणि बहुतेकांना तीच पुरते. ऊन नसेल तर ड३ असलेली, पण आठवड्यातून एकदाच. ड३ शरीरात साठतं आणि जास्त झालं तर कॅल्शियम नको तिथे, मऊ अवयवांत जमतं. हे ठरवायला म्हणून आम्ही पावडर देण्याआधी टाकीचा फोटो मागतो. ती चौकशी काहींना नकोशी वाटते, पण दोन पाकिटांतलं कुठलं द्यायचं हे त्याशिवाय कळत नाही.

यापेक्षाही साधा उपाय म्हणजे समुद्रफेस. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लटकवतात तोच पांढरा तुकडा. मागची टणक पाठ सुरीने खरवडून काढा आणि मऊ भागाचा सुपारीएवढा तुकडा पाण्यावर सोडा. कासव मनात येईल तेव्हा कुरतडतं.

थंडीत कासव खात नाही ही तक्रार डिसेंबरात सुरू होते. पुण्यातल्या रात्री टाकीचं पाणी २० अंशांच्या खाली जातं आणि पोटातलं पचन मंदावतं. पाणी २४ ते २७ अंश ठेवणारा हीटर लावा, खाणं आपोआप सुरू होईल. हीटर नसेल तर गार पाण्यात जबरदस्तीने खाऊ घालू नका.

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं जमिनीवरचं कासव, स्टार टॉर्टॉइज, आणि आपल्या नद्यांमधली कुठलीही कासवं यांचं खाद्य आमच्याकडे मागू नका. ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, घरात ठेवणं गुन्हा आहे. असं कासव सापडलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि स्लायडर नकोसं झालं तरी नदीत, तळ्यात किंवा देवळाच्या कुंडात सोडू नका. जगातल्या सर्वात घातक शंभर घुसखोर प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ते आपल्या कासवांची जागा आणि खाणं बळकावतं. सांभाळणं जमत नसेल तर आम्हाला सांगा, घेणारं घर शोधून देतो. त्याचे पैसे घेत नाही.

कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांचे आवर्जून, आणि टाकीचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका. कासवाच्या अंगावर पोट बिघडवणारे साल्मोनेला जंतू असू शकतात. याच कारणासाठी अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे.

दुकानात येताना कासव डब्यात घालून आणायची गरज नाही, प्रवासाने ते आणखी दमतं. टाकीचा एक फोटो, कासवाच्या डोळ्यांचा जवळून एक, पाठीचा वरून एक, आणि सध्या जे खायला देता त्या डब्याचा एक, एवढं आणा. शक्य असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेलं वजन लिहून आणा. दुपारी दोन ते चार गर्दी कमी असते, तेव्हा आलात तर निवांत बोलता येईल.