कोकणातील वृत्तपत्रे व नियतकालिकांचे डिजिटल जतन

कोकण किनारपट्टीत निघालेली दैनिके, साप्ताहिके, मासिके, दिवाळी अंक, स्मरणिका आणि या प्रदेशावर लिहिले गेलेले संशोधन यांच्या पानांच्या प्रतिमा घेणे, त्यांची सूची करणे, मजकूर शोधता येईल असा करणे आणि या सगळ्या फायली दीर्घकाळ शाबूत ठेवणे, या कामाला डिजिटल जतन म्हणतात. नुसते फोटो काढून हार्ड डिस्कवर टाकले की संग्रह झाला, हा समज फार पसरलेला आहे आणि त्याने बरेच नुकसान केले आहे. कोणता अंक हाती आहे व कोणता नाही हे सांगता येत नसेल, तर हजारो पानांचा ढीगही अभ्यासकाच्या उपयोगी पडत नाही.

काय जपायचे

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ ज्यांच्यापासून धरतात ते बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. त्यांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. पुढे रत्नागिरी, सावंतवाडी, वेंगुर्ले, चिपळूण, अलिबाग या गावांत छापखाने आले आणि प्रत्येक छापखान्याभोवती एखादे तरी पत्र उभे राहिले. रत्नागिरीचे 'सत्यशोधक' व 'बलवंत', सावंतवाडीचे 'वैनतेय', वेंगुर्ल्याचे 'किरात', अलिबागचे 'कृषीवल', चिपळूणचे 'सागर' ही त्यांतली काही नावे. आगबोटींची वेळापत्रके, आंब्याच्या पेटीचा भाव, खोतीचे दावे, गावच्या शाळेचा निकाल, पटकीच्या साथीत गेलेल्यांची नावे असा मजकूर पुण्या-मुंबईच्या मोठ्या पत्रांत क्वचितच सापडतो. १७ जुलै १९४७ रोजी रेवसजवळ बुडालेल्या 'रामदास' बोटीची बातमी सगळीकडे आली. पण अशा दुर्घटनेत कोणत्या वाडीतले कोण गेले, हे शोधायला स्थानिक अंकच उघडावा लागतो.

संग्रहात ज्यांची हमखास उपेक्षा होते ती साधने वेगळीच आहेत. चाकरमान्यांच्या ग्रामविकास मंडळांच्या स्मरणिका, ज्ञातिसंस्थांची मासिके, कुलवृत्तांत, शाळांची हस्तलिखिते, नाट्यमंडळांची पत्रके. यांतले पुष्कळसे कोकणात नाहीच. ते गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत ट्रंकांमध्ये आहे. कोकणाचा संग्रह करणाऱ्याला मुंबईत फिरावेच लागते.

प्रती कुठे मिळतात

रत्नागिरीचे नगर वाचनालय (१८२८), सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर (१८५२) आणि चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर (१८६४) ही इथली जुनी वाचनालये. संपादकांची घरे व बंद पडलेले छापखाने हा दुसरा स्रोत. गोव्याच्या बाजूच्या साधनांसाठी पणजीचे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय पाहावे लागते. प्रकाशकांनी ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवावी असे सांगणाऱ्या १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रांचाही समावेश झाला; त्यामुळे त्यानंतरचे काही अंक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात किंवा मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात असू शकतात. छोट्या साप्ताहिकांनी ते नेमाने पाठवले असतीलच असे मात्र धरून चालू नये. एखादे पत्र अस्तित्वात होते की नव्हते याचा छडा लावायला मुंबई सरकारचे देशी वृत्तपत्रांवरील साप्ताहिक गोपनीय अहवाल फार उपयोगी पडतात. मूळ अंक नष्ट झाला तरी त्यातील लेखाचा इंग्रजी सारांश तिथे मिळून जातो.

इथे जुनी प्रशासकीय हद्द ठाऊक असावी लागते. सावंतवाडी व जंजिरा ही संस्थाने होती, म्हणून तिथली कागदपत्रे मुंबई इलाख्याच्या दप्तरांत शोधून भागत नाही. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्हा रायगड झाला आणि त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला. सूचीत जुने व नवे अशी दोन्ही नावे दिली नाहीत, तर 'सिंधुदुर्ग' असा शोध घेणाऱ्याला १९८१ पूर्वीचे मालवण-कुडाळ दिसतच नाही.

हवा, पाणी आणि कागद

वृत्तपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातील लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो पिवळा पडतो, आम्ल वाढते आणि घडीवर तुटू लागतो. हे सगळीकडेच होते. कोकणात भर पडते ती दमटपणाची. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि पावसाळ्याचे चार महिने इथे ती त्याहून कितीतरी वर असते. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या, कामांत अंकांचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून माळ्यावर टाकायची पद्धत घरोघर आहे. तीच सर्वांत घातक ठरते: कागदातले पाणी आत कोंडते आणि गणपतीत गठ्ठा सोडला की पाने काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरलेली निघतात. धुतलेल्या मांजरपाटात सैल बांधून, भिंतीपासून चार बोटे दूर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवलेला गठ्ठा जास्त टिकतो. डांबराच्या गोळ्यांनी कसर थोडी लांब राहते, बुरशीवर त्यांचा उपयोग नाही. चिकटपट्टीने जोडलेली पाने काही वर्षांनी पट्टीच्या रेषेतच तपकिरी होऊन मजकुरासकट निकामी होतात. जोडायचेच तर जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरावी.

२२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणच्या वाचन मंदिरातील ग्रंथांचे मोठे नुकसान केले. भिजलेल्या कागदावर बुरशी साधारण ४८ तासांत दिसू लागते, म्हणून पहिले दोन दिवसच हातात असतात. गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंक सुकू लागताच विटेसारखे चिकटतात, ते ओले असतानाच पानापानांत शोषक कागद घालून वेगळे करावेत. वृत्तपत्रांच्या बांधीव फायली उलट मिटलेल्याच ठेवून, चिखल स्वच्छ पाण्याने वरवर धुवून, मोठ्या संख्येने असल्यास उणे १८ ते २० अंशांवर गोठवाव्यात. गोठवल्याने कागद बरा होत नाही, पण बिघाड थांबतो आणि थोड्या थोड्या फायली बाहेर काढून सुकवता येतात. रत्नागिरीसारख्या बंदरांत मासळी गोठवणारी शीतगृहे आहेत. फायली दुहेरी पिशव्यांत सीलबंद करून शीतगृहातला एखादा कोपरा मिळवणे शक्य असते. बोलणी मात्र आपत्ती येण्याआधी झालेली हवीत. उन्हात पसरणे टाळावे. पाने वाकडी होतात आणि शाई उडते.

जुळवाजुळव

स्कॅनिंगपूर्वीच्या या टप्प्याला बहुतेक जण सर्वांत कमी वेळ देतात, आणि संग्रहाची खरी किंमत इथेच ठरते. प्रत्येक अंकाची एक ओळ: पत्राचे नाव, वर्ष, अंक, छापलेली तारीख, पृष्ठसंख्या, स्थिती, प्रत कोणाकडची. जुन्या अंकांवर शक आणि तिथी असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौष-माघ-फाल्गुनात १ जानेवारी उलटलेली असेल तर ७९ मिळवावे लागतात: शके १८४५ चा पौष जानेवारी १९२४ मध्ये पोचतो. ही चूक झाली की अख्खे तीन महिने वर्षभर मागे सरकतात आणि पुढे कुणाच्या लक्षातही येत नाही.

अंकाचा क्रमांक छापताना चुकलेला असतो, एकच क्रमांक दोनदा पडलेला असतो. तो सूचीत परस्पर दुरुस्त करू नये. छापलेला क्रमांक तसाच ठेवून शेजारी शेरा द्यावा. 'अंक निघाला नाही' आणि 'अंक मिळाला नाही' या दोन नोंदी कटाक्षाने वेगळ्या ठेवाव्यात. १९१० व १९३१ च्या मुद्रणविषयक कायद्यांखाली सरकारने जामिनाची रक्कम मागितल्यामुळे पत्रे बंद पडत, दिवाळीत छापखान्याला सुट्टी असे, दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईत पाने घटली. अशा रिकाम्या जागा हाही इतिहासच आहे, आणि त्यांचा अर्थ पुढच्या अंकातील संपादकाच्या खुलाशावरून बहुधा लागतो.

प्रतिमा घेणे

वृत्तपत्रासाठी ४०० डीपीआय (दर इंचातील बिंदू) ठेवावे. ३०० वर बारीक जाहिराती आणि जोडाक्षरे फुटतात. जीर्ण कागद आपोआप आत ओढणाऱ्या यंत्रात कधीही घालू नये. वरून प्रतिमा घेणारा स्कॅनर किंवा स्टँडवर बसवलेला कॅमेरा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे आणि पान सपाट धरायला काच एवढी सामग्री पुरते. बांधीव फाइल १०० अंशांच्या आसपास उघडणाऱ्या पाळण्यात ठेवावी. शिवणीत मजकूर अडकत असेल तर बांधणी उसवायची की नाही, हा निर्णय मालकाच्या लेखी संमतीनेच घ्यावा. काम दसऱ्यानंतर सुरू करून मे संपण्याआधी आटोपते घ्यावे. पावसात उघडलेला गठ्ठा दमट हवा पिऊनच परत बांधला जातो.

५८ × ३८ सेंटीमीटरचे एक पान ४०० डीपीआयवर करड्या छटांत सुमारे ५५ एमबी भरते, रंगीत घेतले तर तिप्पट. चार पानी साप्ताहिकाची ५० वर्षे म्हणजे १०,४०० पाने, करड्या छटांत सुमारे ५७० जीबी, रंगीत १.७ टीबी. हा हिशेब आधी न केल्यामुळे मूळ टिफ (पूर्ण तपशिलाच्या प्रतिमांच्या) फायली पुसून फक्त लहान पीडीएफ ठेवण्याची वेळ अनेकांवर येते. पुढे अक्षर-ओळख सुधारली की तिचा लाभ घ्यायला मूळ फायलीच लागतात. डाग आणि शाईचे रंग पुरावा म्हणून महत्त्वाचे असतील तिथे रंगीत प्रत घ्यावी. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात घेऊ नये, त्यात वेलांट्या आणि अनुस्वार गळतात.

मजकूर शोधता येणे

टेसरॅक्टसारख्या अक्षर-ओळख प्रणाली आजच्या छपाईतील मराठी चांगली वाचतात, खिळ्यांच्या जुन्या छपाईवर अडखळतात. शिरोरेषा तुटलेली असते, घ-ध, भ-म, ब-व यांत गल्लत होते. कसरीने पाडलेले भोक शिरोरेषेवर आले की ते अनुस्वार म्हणून वाचले जाते. १ आणि ९ हे अंक हमखास उलटसुलट होतात, म्हणून तारखा हातानेच नोंदवाव्यात. आठ स्तंभांच्या पानावर स्तंभ आधी आखून दिले नाहीत तर ओळ शेजारच्या बातमीत घुसते. 'दर्पण'सारख्या इंग्रजी-मराठी शेजारी-शेजारी छापलेल्या पत्रात हे प्रत्येक पानावर घडते.

शुद्धलेखनाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. १९६२ च्या नियमांपूर्वी 'नांव', 'केलें', 'घरें' असे लिहीत. आज 'केले' असा शोध घेतला तर जुना मजकूर निसटतो. शोधयंत्रणेत अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांकडे दुर्लक्ष करणारी वेगळी अनुक्रमणिका ठेवावी, मूळ पाठ मात्र जसाच्या तसा राहू द्यावा. 'ऱ्य' हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत) दोन प्रकारे टंकता येते. दोन्ही एकरूप केली नाहीत तर 'किनाऱ्यावर' अर्ध्याच ठिकाणी सापडते. आपोआप शब्द सुधारणारी सोय मालवणी मजकुरावर बंद ठेवावी. ती 'माका', 'खय', 'झील' यांना प्रमाण मराठीतल्या भलत्याच शब्दांत बदलते आणि बोलीचा पुरावाच पुसला जातो.

शोधप्रबंध आणि संगणकावरचे अंक

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी. प्रबंध 'शोधगंगा' या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर जमा होऊ लागले. कोकणातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत असल्याने या भागावरचे बरेचसे प्रबंध त्याच नावाखाली शोधावेत. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे आंबा, काजू, भात यांवरील प्रबंध 'कृषिकोश' या कृषी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पाहावेत. मराठी प्रबंधांच्या पीडीएफमध्ये युनिकोडपूर्व फाँट असल्यास पान नीट दिसते, पण शोधात एकही शब्द लागत नाही. १९९० नंतर पेजमेकर या पानजुळणीच्या प्रणालीत जुळवलेल्या साप्ताहिकांचेही तेच. त्यांच्या फायली सीडींवर असतात आणि दमट हवेत सीडीचा थर सुटतो, वर बुरशी चढते. अशा फायली मूळ फाँटसह आधी उतरवून घ्याव्यात, जुन्या संगणकावर उघडून पीडीएफ करावी, मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये न्यावा आणि छापील अंकाशी ताडून पाहावा. कागदी अंक अजून घरात आहे म्हणून हे काम मागे पडते, आणि तेवढ्यात सीडी वाचेनाशी होते.

साठवण आणि हक्क

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घाटावर: कोल्हापूर, पुणे, कुठेही. एकाच पुरात किंवा विजेच्या एकाच लोळात सगळे जाऊ नये. प्रत्येक फायलीची एसएचए-२५६ बेरीज (फाइल जराही बदलली की बदलणारी खूण) यादीत ठेवून वर्षातून एकदा पडताळावी, आणि हार्ड डिस्क पाच वर्षांच्या आत बदलावी.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. निनावी मजकुरासाठी प्रकाशनापासून ६० वर्षे. म्हणून एकाच अंकात दोन स्थिती असतात. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये वारले, तेव्हा 'वैनतेय'मधील त्यांचे लेखन २०३६ अखेरपर्यंत संरक्षित आहे; त्याच पानावरची निनावी बातमी केव्हाच मुक्त झाली आहे. अशा वेळी संपूर्ण अंक लपवून ठेवण्यापेक्षा सूची व निनावी मजकूर खुला करावा, संरक्षित लेख वाचनालयातच पाहायला द्यावा आणि वारसांकडे लेखी परवानगी मागावी. ज्या वाचनालयाकडे कागदी प्रत आहे त्याने जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायला कायद्याची आडकाठी नाही.